परतीच्या ओझ्याखाली टिकणारी पाण्याची पिशवी : शिकारीच्या सॅकसाठी केलेली एक निवड

या प्रकरणातील शिकारी रीतसर परवाना घेऊन डोंगराळ मुलखात मोठ्या हरणांची शिकार करतो. तो एकटा जातो, पायथ्याशी तळ टाकतो, पहाटे अंधारातच चढायला लागतो आणि दिवसाचा बराच भाग उंच धारेवर बसून दुर्बिणीतून समोरचे उतार न्याहाळण्यात घालवतो. धारेवर पाणी नाही. झरा खाली दरीत आहे आणि तेथे उतरून पुन्हा वर येण्यात अर्धा दिवस मोडतो, त्यामुळे सकाळी पाठीवर घेतलेले पाणी दिवसभर पुरवावे लागते. पहाटे तापमान शून्याखाली असते, दुपारी ऊन चांगलेच तापते आणि शिकार साधली तर परतताना त्याच सॅकमध्ये वीस-पंचवीस किलो मांस येते.

मागील हंगामात त्याची पाण्याची पिशवी, म्हणजे सॅकमध्ये ठेवून नळीने पाणी ओढायची मऊ प्लास्टिकची पिशवी, नेमकी या परतीच्या वाटेवर गळाली. सॅकच्या तळाशी ठेवलेले कोरडे कपडे भिजले, उरलेले पाणी गेले आणि दरीपर्यंतची उतरण त्याने कोरड्या घशाने केली. नवी पिशवी घेताना त्याने मला विचारलेला प्रश्न सरळ होता: बाजारात मिळणारी सर्वांत जाड पिशवी कोणती? प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्याचे उत्तर देण्यापूर्वी जुनी पिशवी नेमकी कोठे आणि का निकामी झाली हे पाहणे आवश्यक वाटले.

जुनी पिशवी पूर्ण भरून, हवा काढून, कोरड्या कागदावर ठेवून हाताने दाबली. फिल्मवर, म्हणजे पिशवीच्या पातळ प्लास्टिकवर, ओरखडे भरपूर होते, एका बाजूला घडीची खोल खूण होती, पण त्यांपैकी कोठूनही थेंब आला नाही. पाणी आले ते नळीच्या बुडाशी, जेथे कडक प्लास्टिकची चकती मऊ फिल्मला वेल्ड केलेली, म्हणजे वितळवून जोडलेली असते. त्या जोडाच्या कडेने नखाच्या आकाराचा पांढुरका पट्टा उमटला होता आणि दाब वाढवला की त्याच्या एका टोकाशी थेंब जमून हळूहळू फुगत होता. नळी बाजूला ओढली की थेंबाची धार होत असे, सोडली की ती पुन्हा थांबत असे. घरी दोन-तीन वेळा तपासूनही शिकाऱ्याला गळती का सापडली नव्हती, ते यावरून कळले: त्याने प्रत्येक वेळी पिशवी नळी न ओढता, नुसती टांगून पाहिली होती.

जाडीचा प्रश्न येथेच वेगळे वळण घेतो आणि त्यासाठी थोडे गणित मांडावे लागेल. पंचवीस किलोचे ओझे पिशवीच्या सुमारे 700 चौरस सेंटिमीटर भागावर टेकले, तर आतील पाण्यावर येणारा दाब साधारण 3.5 किलोपास्कल भरतो. 40 सेंटिमीटर उंचीचे पाणी स्वतःच्या वजनाने तळाशी जेवढा दाब देते, जवळपास तेवढाच. थकलेला माणूस भरलेली सॅक जमिनीवर टाकतो तेव्हा क्षणभर हा दाब कित्येक पटींनी वाढतो, म्हणून हिशेबासाठी 20 किलोपास्कल धरू. पिशवीच्या फुगवट्याची त्रिज्या पाच सेंटिमीटर मानली, तर फिल्ममधील ताण दर सेंटिमीटर रुंदीला सुमारे 10 न्यूटन येतो, म्हणजे एक सेंटिमीटर रुंद पट्टीला किलोभर वजन टांगल्याइतका. आता टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, या फिल्मची ताणशक्ती सामान्यतः 30 ते 50 मेगापास्कल असते. तिची जाडी 0.3 मिलिमीटर असली तरी तीच पट्टी 90 ते 150 न्यूटन ताण सोसते. याचा अर्थ असा की नुसत्या दाबाने फिल्म फुटण्याची शक्यता जवळजवळ नाही. अगदी साध्या पिशवीतही ती गरजेच्या किमान नऊ पट मजबूत असते.

मग पिशव्या फुटतात कशाने? फिल्म ताण सोसते ती आपल्याच पातळीत, सपाट ओढली जाऊन. कडेच्या वेल्डवर मात्र दोन पदर एकमेकांपासून सोलले जातात आणि सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो. नळीच्या बुडाशी परिस्थिती आणखी बिकट असते: चकती वाकत नाही, फिल्म वाकते, आणि चालताना प्रत्येक पावलाला नळीचा हिसका त्याच सांध्यावर बसतो. महिनोन्‌महिने तेथेच वाकून वाकून जोड थकतो आणि अखेर ओझ्याच्या एका दणक्याने उलतो. जाडीचा उपयोग नाही असे यातून म्हणायचे नाही. काटा, घासणे, सुरीचे टोक, शिंगाचे किंवा मोडलेल्या हाडाचे अणकुचीदार टोक यांपासून जाड फिल्म नक्कीच अधिक संरक्षण देते. पण जाडी आणि टिकाऊपणा या दोन गोष्टी एकच समजल्या की माणूस जाड पिशवी विकत घेतो आणि तिचा सांधा बघायचे विसरतो.

या शिकाऱ्याच्या सॅकची रचनाही तपासावी लागली, कारण शिकारीच्या सॅकमध्ये एक खास अडचण असते. अशा अनेक सॅकमध्ये पाठीकडची चौकट आणि मुख्य कप्पा यांच्यामध्ये मांस ठेवण्यासाठी जागा सोडलेली असते; पट्टे ढिले करून कप्पा पुढे सरकवायचा, मधल्या जागेत मांसाच्या पिशव्या ठेवायच्या आणि पट्टे करकचून आवळायचे. जड ओझे पाठीला लागून राहावे म्हणून ही व्यवस्था चांगली आहे. मात्र या शिकाऱ्याच्या सॅकमध्ये पाण्याच्या पिशवीची खणही कप्प्याच्या पाठीकडच्या बाजूलाच होती. जाताना पाणी पाठीजवळ राहत असल्याने ही जागा उत्तम; परतताना तीच पिशवी एका बाजूने मांस आणि दुसऱ्या बाजूने ठासून भरलेला कप्पा यांच्या कात्रीत सापडते, आणि पट्टे आवळताना नळीही चौकटीच्या दांड्याखाली अडकून ताणली जाते. गेल्या वर्षी नेमके हेच घडले होते. म्हणून निवडीची कसोटी बदलली: पिशवी रिकाम्या सॅकमध्ये कशी बसते यापेक्षा भरलेल्या सॅकमध्ये ती कोठे जाईल आणि तेथे कशी टिकेल, हे पाहायचे ठरले.

त्यानंतर पर्यायांचा विचार झाला. पीव्हीसीची पिशवी लगेच बाजूला ठेवली, कारण थंडीत ती कडक होऊ लागते आणि पाण्याला वास लागण्याची तक्रारही तिच्याबाबत जास्त असते. पॉलिथिलीनच्या पातळ पिशव्या हलक्या असतात आणि पाण्याची चव बिघडवत नाहीत, हे त्यांचे मोठे गुण. पण पुन्हा पुन्हा एकाच जागी घडी पडली की त्या घडीवर बारीक भेगा जातात. पाणी संपत आल्यावर सॅकमध्ये चुरगळणाऱ्या पिशवीला हा दोष भोवल्याशिवाय राहत नाही.

खरी स्पर्धा दोन प्रकारांत उरली. एक, जाड नायलॉन कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेली, आट्यांच्या झाकणाची भक्कम पिशवी. या वर्गात 1000 डेनियरचे (डेनियर हे धाग्याच्या जाडीचे माप) कापडही वापरले जाते. दुसरा प्रकार साध्या टीपीयू फिल्मचा, वरचे तोंड पूर्ण उघडणारा आणि सरकपट्टीने बंद होणारा. शिकाऱ्याचा कल अर्थातच पहिल्याकडे होता. हातात घेतली की ती पिशवी मजबूत वाटते, आणि ती मजबूत असतेही. तळावर पाण्याचा साठा ठेवायला मीही तीच सुचवीन. रोज पाठीवर वागवायला मात्र तिच्यात दोन अडचणी होत्या. तिचे तोंड लहान असल्याने आतून ती नीट पुसता येत नाही आणि वाळायला फार वेळ लागतो. शिवाय कापड अपारदर्शक असल्याने आत काय चालले आहे ते दिसत नाही: बुरशीचे काळे ठिपके दिसत नाहीत आणि वेल्डच्या कडेला उमटणारा तो पांढुरका इशाराही दिसत नाही.

ओलाव्याचा मुद्दा केवळ स्वच्छतेचा नाही, तो आयुष्याचाही आहे. टीपीयूचे दोन मुख्य प्रकार पॉलिएस्टर आणि पॉलिइथर यांवर आधारलेले असतात. पॉलिएस्टर प्रकार घासण्याला चांगला टिकतो, पण ओलावा आणि उष्णता यांच्या दीर्घ संपर्कात पाण्यामुळेच त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. अशी पिशवी हळूहळू चिकट होते, पिवळी पडते आणि शेवटी वाकवली की तडकते. पॉलिइथर प्रकार पाण्यापुढे आणि बुरशीपुढे कितीतरी अधिक टिकतो. हंगाम संपल्यावर ओली पिशवी गुंडाळून माळ्यावर टाकणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक मिलिमीटरच्या दशांशांपेक्षा महत्त्वाचा आहे. वेष्टनावर हे सहसा लिहिलेले नसते. उत्पादकाला विचारले तर उत्तर मिळू शकते आणि या प्रकरणात ते मिळाले.

अखेर दोन लिटरची, पॉलिइथर टीपीयूची, सरकपट्टीने बंद होणारी आणि आतली बाजू बाहेर काढून वाळवता येणारी पिशवी निवडली आणि तिच्यासाठी जाड कापडाचे वेगळे आवरण शिवून घेतले. कापडाच्या पिशवीचे संरक्षण यातून मिळते, पण ते काढता येते, धुता येते आणि खालची फिल्म केव्हाही उजेडात धरून पाहता येते. ही कल्पना नवी नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधील एका लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीत मायकेल आयडसन या रुग्णवाहिका सेवेतील कर्मचाऱ्याने सलाइनची पिशवी पायमोज्यात घालून पाठीवर लावली आणि त्यातून पुढे अशा पिशव्या बनवणाऱ्या कॅमलबॅक कंपनीचा व्यवसाय उभा राहिला. तेथेही पाणी धरण्याचे काम फिल्मचे होते आणि मार सोसण्याचे काम कापडाचे.

तीन लिटरची पिशवी घ्यावी असा त्याचा आग्रह होता. डोंगरात मध्यम श्रमाच्या चालीला तासाला अर्धा लिटर हा ढोबळ अंदाज धरला, तर दिवसाला तीन लिटर पाणी लागणारच. तरीही सगळे पाणी एकाच पिशवीत ठेवणे मला मान्य नव्हते. दोन लिटर पिशवीत आणि एक लिटर साध्या, रुंद तोंडाच्या कडक बाटलीत अशी वाटणी झाली. वजन थोडे वाढले, पण एक सांधा उलला तर दिवसभराचे पाणी जाणार नाही. थंडीत नळी गोठली तर बाटली तेवढी उपयोगी पडते, हा दुसरा लाभ.

जोडांच्या बाबतीत तीन गोष्टी पाहिल्या. नळीच्या बुडाची चकती कडेच्या वेल्डपासून दूर आणि रुंद आहे ना. नळी जोडाशी सरळ बाहेर न येता वळवता येते का. आणि नळी पिशवीपाशीच कळ दाबून सुटते का. ही सुटणारी जोडणी मला अनेक दिवस अनावश्यक चोचला वाटत असे. परंतु शिकारीच्या सॅकमध्ये तिचे मोल वेगळे आहे: ओझे भरताना नळी काढून ठेवता येते, पिशवी मोकळेपणाने हलवता येते, आणि कधी नळी कशात अडकून जोराने ओढली गेलीच तर हिसका वेल्डवर पूर्ण बसण्याआधी ती जोडणी सुटण्याची निदान शक्यता असते. सरकपट्टी निवडण्यामागे आणखी एक साधे कारण होते. बोटे गारठलेली असताना मोठ्या झाकणाचे आटे तिरके बसतात आणि झाकण घट्ट लागल्यासारखे वाटूनही पाझरते. सरकपट्टी एक तर बसलेली दिसते किंवा दिसत नाही.

चाचणी मुद्दाम कठोर ठेवली. पिशवी काठोकाठ भरली, उलटी करून नळीतून उरलेली हवा ओढून काढली, सपाट फरशीवर कागद पसरून त्यावर पिशवी आणि पिशवीवर फळी ठेवली आणि पंचाहत्तर किलोचा माणूस त्या फळीवर सावकाश चढून काही मिनिटे उभा राहिला. त्या वेळी नळी हाताने चारही दिशांना ओढून पाहिली. पिशवी उलटवून पुन्हा तेच केले. त्यानंतर रात्रभर ती उंच टांगून नळीचे टोक खाली सोडले, बंद करायची कळ मुद्दाम उघडी ठेवली आणि चावून पाणी ओढायच्या तोटीखाली कोरडा कागद ठेवला. सकाळी सांध्याखालचा कागद कोरडा होता. तोटीखाली मात्र रुपयाएवढा ओला डाग होता. सिलिकॉनची चीर स्वतःच्या लवचिकपणाने मिटते, त्यामुळे अशा तोटीवर दाब आला की ती थोडी पाझरणारच, हे गृहीत धरून बंद करायची कळ असलेलीच तोटी घेतली होती. हवा काढण्याचा लाभ शिकाऱ्याच्या लगेच लक्षात आला: चालताना पाणी आत खळखळत नाही, आणि जनावर कान टवकारून उभे असताना ही गोष्ट क्षुल्लक नसते.

थंडीसाठी वेगळे फारसे काही करावे लागले नाही. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, पण पिशवी लवचीक असल्याने आणि दोन लिटर पाणी एका रात्रीत सहसा घट्ट गोठत नसल्याने धोका पिशवीला कमी आणि नळीला जास्त असतो. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकर मारून पाणी पिशवीत परत ढकलायचे, ही सवय महागड्या आवरणापेक्षा जास्त कामाची ठरते. नळीवर इन्सुलेशनचे आवरण चढवले होतेच, पण पहाटेच्या गारठ्यात फुंकर विसरली तेव्हा तोटी गोठलीच.

प्रत्यक्ष शिकारीत पिशवीची खरी परीक्षा अर्थातच परतीच्या दिवशी झाली. मांस भरण्यापूर्वी शिकाऱ्याने नळी सोडवली, पिशवी पाठीकडच्या खणीतून काढली आणि कप्प्याच्या सर्वांत बाहेरच्या, समोरच्या खिशात आवरणासह ठेवली. वजन पाठीपासून दूर गेले की ते मागे ओढते, म्हणून सॅक भरण्याच्या नेहमीच्या नियमाला हे धरून नाही. परंतु परतताना पिशवीत जेमतेम लिटरभर पाणी उरलेले असते, आणि एवढ्याशा वजनाने तोल बिघडत नाही. उलट ती पट्ट्यांच्या कात्रीतून पूर्णपणे सुटते. नळी खांदेपट्ट्यावर आणताना मध्ये हातभर मोकळा वाव सोडला. तोटीवर टोपण चढवले होते, कारण रक्ताने माखलेले हात तिला लागणार हे उघड होते.

तरीही पाणी सांडले. वाटेत विश्रांतीला त्याने सॅक खडकाला टेकवून ठेवली तेव्हा तोटी पट्ट्याच्या बकलखाली दाबली गेली आणि बंद करायची कळ उघडीच राहिली होती. उठेपर्यंत अर्धा लिटर पाणी गेले. पिशवीचा यात दोष नव्हता, पण तहानेच्या हिशेबात त्याने काही फरक पडत नाही. बाटलीतले पाणी शिल्लक असल्याने या वेळी घसा कोरडा पडला नाही. सॅक पाठीवरून उतरवायची तर आधी कळ फिरवायची, हा क्रम त्याने त्यानंतर पाळला आणि पुन्हा गळती झाली नाही.

हंगामानंतर पिशवी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली, आतली बाजू बाहेर काढून वाळवली आणि उजेडात धरून पाहिली. आवरणाच्या कापडावर एके ठिकाणी बोटभर लांब चीर होती, बहुधा हाडाच्या टोकाने गेलेली. तिच्याखालच्या फिल्मवर फक्त एक पुसट रेघ उमटली होती. चकतीच्या कडेला पांढुरका पट्टा नव्हता. खराब निघाली ती सुटणाऱ्या जोडणीतली ओ-रिंग. तिच्या खोबणीत बारीक वाळू शिरली होती आणि रबरावर एक खाच पडली होती. अजून गळत नव्हती, पण पुढच्या हंगामात गळली असती. ती बदलली, खाद्यपदार्थांना चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिला आणि दुरुस्तीच्या पुडीत एक जादा ओ-रिंग, एक जादा तोटी, टीपीयूचे चिकटपट्टीचे ठिगळ आणि जागा पुसायला स्पिरिटचा बोळा एवढे सामान ठेवले. नळी वळणाच्या जागी दुमडून पांढरी पडू लागली आहे. ती बदलण्याचे काम शिकाऱ्याने पुढच्या हंगामाआधीच्या यादीत पहिले लिहिले आहे.